पाच दिवसांत कावेरीकाठची देवळं : गाडीने मामल्लपुरम ते श्रीरंगम

गंगैकोंडचोळपुरमला मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते. सकाळपासून दोन देवळं 'उरकून' आम्ही धावत आलो होतो. गाभाऱ्याचं दार आमच्यासमोर लागलं. प्रांगणातला दगड इतका तापला होता की आई चार पावलं चालली आणि नंदीच्या सावलीत थांबली, पुढे यायलाच तयार नव्हती. दार पुन्हा चारला उघडणार होतं, आणि आमचं पुढचं हॉटेल बरंच लांब होतं. दर्शन न घेताच आम्ही निघालो.

त्या दिवशी कळलेली गोष्ट अशी : तमिळनाडूतल्या देवळांची सहल आखताना आधी दुपारचा हिशोब करायचा, किलोमीटरचा नंतर. इथली बहुतेक मोठी देवळं पहाटे पाच-सहाला उघडतात, बारा ते साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर पुन्हा उघडून रात्री साडेआठ-नवापर्यंत चालू असतात. म्हणजे दर्शनाच्या दोन वेळा, सकाळ आणि संध्याकाळ. दिवसाला शक्यतो दोनच मुख्य देवळं धरा. मधले तीन-चार तास जेवण, प्रवास, विश्रांती किंवा दुपारी उघडी असणारी ठिकाणं यांना द्या. खालचा पाच दिवसांचा मार्ग याच हिशोबाने बांधलेला आहे.

मार्ग आणि त्यामागचा विचार

चेन्नई – मामल्लपुरम – चिदंबरम – गंगैकोंडचोळपुरम – कुंभकोणम – तंजावर – तिरुचिरापल्ली. आतलं फिरणं धरून साधारण साडेचारशे किलोमीटर. चेन्नईत उतरायचं आणि परत यायचं तिरुचीहून, म्हणजे त्याच रस्त्याने मागे यावं लागत नाही. मुक्काम चार : चिदंबरम एक, कुंभकोणम दोन, तंजावर एक.

मदुराई आणि रामेश्वरम यात का नाहीत, असं हमखास विचारलं जातं. दोन्ही ठिकाणी जाण्याची ओढ मला कळते. पण पाच दिवसांत ती कोंबली तर निम्मा वेळ गाडीत जातो आणि देऊळ म्हणजे रांग, एवढीच आठवण उरते. त्यांच्यासाठी वेगळे चार दिवस काढा.

निघण्याआधी

*केव्हा जायचं.* जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. आपला पावसाळा संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या किनाऱ्यावर चक्रीवादळाचा धोका असतो. दिवाळीच्या सुट्टीत तिकीट काढणाऱ्या आपल्या लोकांची इथे हमखास फसगत होते. मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी हा तिकडचा मार्गळी महिना, भक्तीचा खास काळ. वातावरण सुंदर असतं, पण चिदंबरमचं आरुद्रा दर्शन आणि श्रीरंगमची वैकुंठ एकादशी याच काळात येतात. त्या दिवसांत लाखोंची गर्दी असते, लॉज मिळणं कठीण. पोंगलचे, म्हणजे तिकडच्या संक्रांतीचे, तीन-चार दिवसही टाळा. एप्रिल-मेमध्ये वृद्ध किंवा लहान मुलं बरोबर असतील तर जाऊ नका.

तारखा ठरवताना पंचांगात प्रदोष पाहा. तंजावरला प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीला अभिषेक होतो. दूध, दही, हळद, चंदन यांच्या धारा त्या प्रचंड काळ्या पाठीवरून ओघळताना पाहणं हा विलक्षण अनुभव आहे. गर्दी असते, पण ही गर्दी सोसावी.

*गाडी.* स्वतःची गाडी महाराष्ट्रातून नेण्यापेक्षा चेन्नईहून ड्रायव्हरसह भाड्याची गाडी घ्या. देवळांभोवतालच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि पार्किंग कुठे मिळेल हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं. गाडी ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या : किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा रोजचा बाटा म्हणजे भत्ता, आणि टोल-पार्किंग भाड्यात धरलंय की वेगळं. तिरुचीला गाडी सोडणार असाल तर ती चेन्नईला रिकामी परत जाण्याचं भाडं लागतं. ते आधीच विचारा, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद होतो. ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार हेही विचारा आणि त्याची नीट सोय होईल असं पाहा. पाच दिवस तुमचा जीव त्याच्या हातात असतो.

*कपडे आणि सामान.* पुरुषांनी पॅन्ट-शर्ट किंवा धोतर, बायकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज. अर्ध्या चड्डीत गेलात तर दारातून परत पाठवतील. एक पंचा किंवा उपरणं जवळ ठेवा, कारण काही ठिकाणी गाभाऱ्याजवळ पुरुषांना शर्ट काढावा लागतो. जाड सुती मोजे प्रत्येकी दोन जोड घ्या. तापलेल्या फरशीवर त्यांच्यासारखा सोबती नाही. काही ठिकाणी चालायला काथ्याच्या पट्ट्या टाकलेल्या असतात, पण सगळीकडे नाही. दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा : चपलांचा स्टँड, अर्चना, आरतीचं ताट, सगळीकडे सुटे लागतात. एक छोटी दुर्बीणही घ्या. दोनशे फूट उंचीवरचं शिल्प नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

*मोबाइल.* डिसेंबर 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या देवळांमध्ये मोबाइलवर बंदी घालण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी जागोजागी वेगळी आहे. कुठे दारातच फोन जमा करतात, कुठे प्रांगणात फोटो चालतात. गाभाऱ्यात मात्र कुठेही नाही. फोन गाडीत ठेवायची तयारी ठेवा आणि भेटायची जागा व वेळ आधी ठरवा. श्रीरंगमसारख्या देवळात माणसं खरोखर चुकतात.

*चार शब्द.* गाभाऱ्याचं दार बंद होण्याला तिकडे 'नडै सात्तरदु' म्हणतात. "नडै सात्तियाच्चा?" म्हणजे दार लागलं का, असं विचारलंत की फूलवालीसुद्धा हसून उत्तर देते. 'पोदु दरिसनम्' ही मोफत दर्शनाची रांग, 'सिरप्पु दरिसनम्' पैसे देऊन जाण्याची. खानावळीच्या पाटीवर 'सैवम्' असेल तर शाकाहारी, 'असैवम्' म्हणजे मांसाहारी.

पहिला दिवस : मामल्लपुरम, मग चिदंबरम

सकाळच्या विमानाने चेन्नईला उतरा आणि शहरात न शिरता किनाऱ्याच्या रस्त्याने निघा. मामल्लपुरम, म्हणजे महाबलीपुरम, चेन्नईपासून साठेक किलोमीटरवर आहे. पहिल्या दिवशी ते घेण्याचं कारण सोपं आहे. इथली मुख्य शिल्पस्थळं पूजेत नाहीत, त्यामुळे ती दुपारी बंद होत नाहीत. तुम्ही भरदुपारीच पोचणार, तेव्हा हे एकच ठिकाण उघडं सापडेल.

आधी पाच रथ पाहा. सातव्या शतकात पल्लव राजांनी हे उभ्या खडकातून वरून खाली कोरत आणले. मग किनाऱ्यावरचं देऊळ पाहा, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, दगडावर दगड रचून बांधलेलं. पुढचे चार दिवस जे पाहणार आहात त्याची ही सुरुवात आहे : आधी खडक कोरणं, मग चिरे रचणं, आणि तीनशे वर्षांनी तंजावर. शेवटी ते अवाढव्य उघडं शिल्प, कुणी अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कुणी गंगावतरण. हत्तीच्या पायांशी एक मांजर दोन्ही पाय वर करून तप करतंय आणि भोवती उंदीर आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते मांजर शोधायला लावा.

अडीचच्या सुमारास निघा. पुदुच्चेरी, कडलूर करत चिदंबरमला पोचायला साडेतीन-चार तास लागतात. पुदुच्चेरीत थांबायचा मोह आवरा. रात्रीच्या शेवटच्या पूजेला, अर्धजाम पूजेला, गाठता आलं तर चिदंबरम वेगळंच दिसतं : गर्दी ओसरलेली, दिवे आणि घंटांचा गजर.

दुसरा दिवस : चिदंबरम आणि गंगैकोंडचोळपुरम

सकाळी सातला देवळात असा. इथला शिव लिंगरूपात नाही, नटराजाच्या रूपात आहे. पंचमहाभूतांच्या पाच क्षेत्रांपैकी हे आकाशाचं. नटराजाच्या शेजारचा पडदा बाजूला करून 'चिदंबर रहस्य' दाखवतात : रिकामी जागा आणि तिथे लोंबणाऱ्या सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा. आकाशाची मूर्ती करायची कशी, याचं हे उत्तर. त्या रिकाम्या जागेपुढे मी कितीतरी वेळ उभा होतो.

दहाच्या सुमारास थांबाच. माणकाच्या छोट्या नटराजाला, रत्नसभापतीला, अभिषेक होतो. मग कापूर आधी मूर्तीपुढे आणि नंतर मूर्तीमागे धरतात. मागून ज्योत आली की ती मूर्ती आतून पेटल्यासारखी लाल होते. दोन-चार सेकंदांचाच खेळ असतो, पापणी लवू देऊ नका.

इथले पुजारी म्हणजे पोदु दीक्षितर. शेंडीची गाठ ते डोक्याच्या मागे न बांधता बाजूला, कपाळाकडे बांधतात, त्यावरून लगेच ओळखू येतात. राज्यातली बहुतेक मोठी देवळं सरकारी धर्मादाय खात्याकडे आहेत, हे मात्र दीक्षितर स्वतः चालवतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कनकसभेवर, म्हणजे नटराजापुढच्या चौथऱ्यावर, चढायचं तर पुरुषांनी शर्ट काढायचा. कुणी पूजेबद्दल विचारलं तर दक्षिणा आधी बोलून घ्या. नको असेल तर हात जोडून नाही म्हणा, कुणी रागावत नाही. याच आवारात गोविंदराज पेरुमाळ, म्हणजे विष्णूही आहे. एका जागी उभं राहून दोघांचं दर्शन होतं.

बाहेर पडताना गोपुराच्या आतल्या भिंती पाहायला विसरू नका. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातली 108 करणं तिथे ओळीने कोरलेली आहेत. घरात कुणी भरतनाट्यम शिकत असेल तर इथे अर्धा तास जास्त धरा.

जेवून, थोडं पडून, अडीच-तीनला निघा. अंतर चाळीसेक किलोमीटर. वाटेत वीराणम तलाव लागतो. चोळ राजांच्या काळातला हा तलाव आज चेन्नईला पिण्याचं पाणी पुरवतो. कापणीच्या दिवसांत शेतकरी भात रस्त्यावर वाळत घालतात, तिथे ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगा.

चारला गंगैकोंडचोळपुरम. राजराज चोळाचा मुलगा राजेंद्र याच्या सैन्याने गंगेपर्यंत धडक मारून तिथलं पाणी आणलं, म्हणून हे नाव. ही त्याची राजधानी होती. आज आसपास शेतं आणि एक लहान गाव आहे, आणि मध्येच हे साधारण 55 मीटर उंच विमान उभं आहे. उत्तरेकडच्या पायऱ्यांपाशी जा. तिथे बसलेला शिव आपल्या भक्ताच्या, चंडेशाच्या, डोक्याला फुलांची माळ गुंडाळतोय. चंडेशाची मान झुकलेली आणि हात जोडलेले. शिवाच्या बोटांकडे बघा : वडील मुलाच्या डोक्याला फेटा बांधताना जसे हळुवार असतात, तशी ती आहेत. सूर्य उतरेपर्यंत इथेच राहा. मग पस्तीस किलोमीटरवर कुंभकोणम, तिथे दोन रात्री.

देऊळ वाचायचं कसं

इथे थोडं थांबतो, कारण हे कळलं की पुढची सगळी देवळं बोलू लागतात. गाभाऱ्यावरचं शिखर म्हणजे विमान, आणि प्रवेशद्वारावरचा मनोरा म्हणजे गोपुर. चोळांच्या मोठ्या देवळांत विमान सगळ्यात उंच आणि गोपुर ठेंगणं. पुढच्या शतकांत ते उलटं झालं : गोपुरं आकाशाला भिडली आणि गाभारा आत लहानसा राहिला. तंजावर आणि श्रीरंगम लागोपाठ पाहिलंत की हा बदल डोळ्यांत भरतो.

शिवमंदिराला प्रदक्षिणा घालताना गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीतले कोनाडे पाहा. दक्षिणेला वडाखाली गुरुरूपात बसलेला शिव, म्हणजे दक्षिणामूर्ती, पश्चिमेला खांबातून प्रकटणारा शिव, म्हणजे लिंगोद्भव, उत्तरेला ब्रह्मा किंवा दुर्गा. हा क्रम एकदा पाठ झाला की अनोळखी देवळातही दिशा चुकत नाही. साष्टांग नमस्कार घालायचा तो ध्वजस्तंभापाशी, आत नाही. शिवाकडे विभूती मिळते. विष्णूकडे तीर्थ, तुळस आणि डोक्यावर क्षणभर टेकवलेली शठारी, म्हणजे विष्णूची पावलं असलेला मुकुट. बरोबर कुणी हिंदू नसेल तर बऱ्याच देवळांत गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

तिसरा दिवस : दारासुरम, स्वामीमलै, कुंभकोणम

दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर कुंभकोणमपासून तीन-चार किलोमीटरवर आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराजाने बांधलेलं. तंजावर आणि गंगैकोंडचोळपुरमबरोबर युनेस्कोच्या यादीत आहे, पण गर्दी सगळ्यात कमी. मला विचाराल तर तिन्हींत माझं आवडतं हेच. बाकीची दोन दिपवतात, हे जवळ बोलावतं. इथलं काम सोनाराचं वाटावं इतकं बारीक आहे. मंडपाला रथाची चाकं आणि ओढणारे घोडे आहेत. तळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्रेसष्ट शैव संतांच्या कथा वीतभर पट्ट्यांत कोरलेल्या आहेत. त्या पाहायच्या तर खाली बसायलाच हवं. एका शिल्पात हत्ती आणि बैल यांना डोकं एकच : डावीकडचं अंग झाका, हत्ती दिसतो, उजवीकडचं झाका, बैल. कोणता कुठे ते तिथेच ताडून बघा.

साडेअकराला स्वामीमलै गाठा. मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा मुख्य स्थानांपैकी हे एक. साठ पायऱ्या चढून दर्शन घ्या आणि मग दुपारी, देऊळ बंद असताना, ओतकाम करणाऱ्या स्थपतींच्या कार्यशाळेत जा. चोळांच्या काळापासूनची पद्धत इथे अजून चालू आहे. मधमाशीचं मेण आणि राळ मिसळून मूर्ती घडवायची, त्यावर कावेरीच्या बारीक गाळाचे थर द्यायचे, तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पंचधातू ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. मापाला ते नारळाच्या झावळीची पट्टी वापरतात. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी कापून ती घड्या घालत दुमडायची, त्या घड्यांवरून चेहरा, छाती, पाय यांची मापं निघतात. मूर्ती घ्यायची नसेल तरी तसं सांगून बघायला जा. आम्हाला तर मनापासून दाखवलं.

संध्याकाळी कुंभकोणममधलं शार्ङ्गपाणी मंदिर आणि महामहम तलाव. दर बारा वर्षांनी इथे आपल्या कुंभासारखा स्नानाचा मेळा भरतो. मागचा 2016 ला झाला, पुढचा 2028 ला. त्या वर्षी मेळ्याच्या दिवसांत ही सहल आखू नका. नंतर पितळी डबरा-टंबलरमधली, म्हणजे वाटी-पेल्यातली, डिग्री कॉफी, इथली प्रसिद्ध फिल्टर कॉफी. आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत आणि एका दिवसात नऊ दाखवणारे भेटतात. कुणाचा नवस असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

चौथा दिवस : तंजावर

कुंभकोणमहून निवांत निघा, चाळीस किलोमीटरच आहे. दुपारचा वेळ राजवाड्याला द्या. तिथलं कलादालन म्हणजे चोळकालीन कांस्यमूर्तींचा खजिना आहे. शेजारी सरस्वती महाल ग्रंथालय, त्याला खरं रूप दिलं दुसऱ्या सरफोजीराजांनी. 1798 ते 1832 ही त्यांची कारकीर्द. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात इथे गादी स्थापन केली, तिचे हे वारस. ताडपत्रांबरोबर मराठी आणि मोडी कागदपत्रंही इथे सांभाळलेली आहेत. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची वेळ आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून विचारून घ्या.

चारला बृहदीश्वर. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेलं, साधारण 66 मीटर उंच, ग्रॅनाइटचं. जवळपास मोठा ग्रॅनाइटचा डोंगर नाही, दगड लांबून आणावा लागला असणार. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते खरं नाही, संध्याकाळी लांबच लांब सावली स्वतःच पाहा. मुद्दाम बघण्याजोगी गोष्ट पायाशी आहे : विमानाच्या जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी. देवळाला दिलेले दागिने, दिव्यांच्या तुपाची व्यवस्था, आणि देवळात नेमलेल्या चारशे नर्तकींची नावं. राजाने स्वतःच्या नावाबरोबर त्यांचीही नावं दगडावर टिकवली.

आता प्रांगणाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे चला, जिथे सरफोजीराजांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे. तिथल्या भिंतीवर बोट फिरवत जा. तीन दिवस सगळ्या पाट्या, सगळे शिलालेख अनोळखी लिपीत पाहिल्यावर अचानक देवनागरी समोर येते, आणि भाषा मराठी! 1803 मध्ये सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत तो मोजला जातो. वळण जुनं आहे, शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत, पण पाच मिनिटांत डोळा बसतो. आधी 'राजे' सापडतं, मग 'भोसले', मग एखादं अख्खं वाक्य लागतं. माझी आई इथे चष्मा पुसून मोठ्याने वाचायला लागली तेव्हा दोन तमिळ मुली थांबून ऐकत राहिल्या. या भिंतीला किमान अर्धा तास द्या आणि उजेड असतानाच जा. अंधारात अक्षरं दिसत नाहीत.

पाचवा दिवस : श्रीरंगम आणि तिरुवानैकावल

पहाटे साडेपाचला निघा, साठेक किलोमीटर. श्रीरंगम कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधल्या बेटावर वसलं आहे. एकात एक सात तटबंद्या आणि एकवीस गोपुरं. बाहेरच्या तटांमध्ये घरं, दुकानं, अख्खं गाव नांदतं. पहिलं राजगोपुर 72 मीटर उंच असलं तरी पूर्ण झालं 1987 मध्ये. चपला आतल्या तटाजवळच्या स्टँडवर काढा, म्हणजे कमी चालावं लागतं. सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन जायची रांग घेण्यात कमीपणा मानू नका. वाचलेला वेळ शेषराय मंडपाला द्या, तिथे एकेका खांबातून उधळलेले घोडे बाहेर झेपावतात.

अकराच्या आत तिथून निघून तिरुवानैकावलला या, दोन-तीन किलोमीटरच. हे जलतत्त्वाचं लिंग, गाभाऱ्यात जमिनीतून पाणी झिरपतं. पहिल्या दिवसापासून जी दुपार आपण टाळत होतो, ती इथे मुद्दाम गाठायची. इथे अखिलांडेश्वरी देवी स्वतः शिवाची पूजा करते अशी श्रद्धा आहे, म्हणून मध्यान्ह पूजेला पुजारी साडी नेसून, डोक्यावर मुकुट घालून, देवीच्या रूपात वाजतगाजत गाभाऱ्याकडे जातात. मग गायीची पूजा होते. ही पूजा आटोपली की दार लागतं.

बाहेर मेल्सच्या खानावळी आहेत. केळीच्या पानावर जेवून घ्या. विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे, वाहतूक धरून तासभर हाताशी ठेवा. रेल्वेने जाणार असाल तर ड्रायव्हरला श्रीरंगम नव्हे, तिरुचिरापल्ली जंक्शन असं स्पष्ट सांगा. स्टेशनं दोन्ही आहेत, आणि दोहोंत कावेरी आडवी येते.